जपानमध्ये एक्स्चेंजला असताना नाताळ, आणि भारतातून मित्रमैत्रिणी येणार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वसईची. एक्स्चेंजसाठी फुकुओकाला होते आणि नाताळला भारतातून माझा मित्रमैत्रिणींचा गट तिकडे आला होता. त्यात मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, कशी असते हे कधीच न पाहिलेले होते, शुद्ध शाकाहारी होते आणि थंडीचं नाव काढताच कुरकुरणारेही होते. तेव्हापासून जपानला निघालेली मुलंमुली मला साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. उदाहरणं फुकुओका आणि क्यूशू बेटावरची आहेत, कारण तो भाग मी जगले आहे. सरकारी नियम तोक्यो किंवा ओसाकालाही तेच लागतात.

२५ डिसेंबरला जपानमध्ये सुट्टी असते का?

नाही. तो कामाचा दिवस असतो. बँका, पोस्ट, कचेऱ्या सगळं चालू असतं आणि बऱ्याच विद्यापीठांत तासही होतात. जुन्या प्रवासवर्णनांत २३ डिसेंबरच्या सुट्टीचा उल्लेख सापडतो. सम्राट अकिहितो यांच्या वाढदिवसाची ती सुट्टी होती. ते २०१९ मध्ये पायउतार झाले. आता ही सुट्टी सम्राट नारुहितो यांच्या वाढदिवशी, म्हणजे २३ फेब्रुवारीला असते. म्हणून मित्रांची तिकिटं काढण्याआधी आपल्या विद्यापीठाचं वेळापत्रक बघा. हजेरी मोजली जाते, आणि 'आमचा सण आहे' म्हटलं की शिक्षक समजून घेतात, पण तास काही पुढे जात नाही. शक्य असेल तर संबंधित शिक्षकांना नोव्हेंबरातच नम्रपणे मेल करा. आयत्या वेळी सांगितलेलं तिथे कुणालाच आवडत नाही.

मग जपानी लोक नाताळ साजरा करतात म्हणजे नेमकं काय करतात?

जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का आहे. त्यामुळे शहरात जो नाताळ दिसतो तो धर्माचा नाही, ऋतूचा आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून झाडांना दिवे लागतात, दुकानांत नाताळची गाणी सुरू होतात, स्टेशनांवर उंच झाडं उभी राहतात. लहान मुलांना सांता येतो आणि सकाळी उशाशी भेट सापडते. २४ ची संध्याकाळ मात्र जोडप्यांची. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये दोघांसाठी ठरावीक पदार्थांचं जेवण असतं, आणि त्या टेबलांचं आरक्षण कितीतरी आधी होतं. सहाजणांचा गट घेऊन त्या संध्याकाळी दार ठोठावलंत तर जागा मिळणार नाही.

वसईत नाताळ म्हणजे गावभर येशूजन्माचे गोठ्याचे देखावे, दारोदारी कागदी चांदण्या, रात्री नवे कपडे घालून मिस्सेला निघालेली अख्खी आळी. ते डोक्यात धरून फुकुओकाच्या मध्यवर्ती तेन्जिन भागाच्या झगमगाटात उभं राहिलं की पहिल्यांदा पोटात खड्डा पडतो. माझं प्रामाणिक मत असं की शहराच्या नाताळाकडून घरची अपेक्षा ठेवू नये. तो सुंदर आहे, त्याचा आनंद घ्यावा. आपला नाताळ मात्र २४ च्या रात्री आपणच मांडायचा असतो, आणि मित्र येणार असतील तर तो मांडणं खूप सोपं होतं. त्या एका संध्याकाळी फिरण्याचा कार्यक्रम ठेवू नका. बाकी सगळे दिवस त्यांना काय बघायचं ते बघू द्या.

केएफसीबद्दल ऐकलं ते खरं आहे का?

खरं आहे. १९७४ मध्ये जपानच्या केएफसीने 'नाताळला केंटकी' अशी देशभर जाहिरात केली. तिथे टर्की सहज मिळत नाही, घरोघरी मोठा ओव्हनही नसतो, त्यामुळे तळलेल्या कोंबडीची ही प्रथा रुजली ती रुजलीच. २३ ते २५ या तारखांसाठी लोक आधीच पैसे भरून वेळ ठरवून ठेवतात आणि त्या वेळेला येऊन खोका घेऊन जातात. नुसतं जाऊन रांगेत उभं राहिलात तर बराच वेळ जातो, आणि हवं ते मिळेलच असं नाही. कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडी असणारी दुकानं, आणि सुपरमार्केटंही त्या आठवड्यात भाजलेल्या आणि तळलेल्या तंगड्या विकतात. चव चांगली असते आणि खिशालाही परवडतं.

केक कसा असतो? आपल्यासारखा प्लम केक मिळतो का?

जपानी नाताळचा केक म्हणजे हलका स्पंज, वर फेटलेली साय आणि लाल स्ट्रॉबेऱ्या. फुजिया या मिठाईवाल्यांनी १९१० मध्ये योकोहामात नाताळचा केक विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. स्ट्रॉबेरीचा हा प्रकार मात्र देशभर पसरला तो युद्धानंतर. फुकुओकात असाल तर 'अमाओउ' जातीची स्ट्रॉबेरी घातलेला केक घ्याच. ती याच प्रांतातली, टपोरी आणि आतपर्यंत गोड, आणि तिचा हंगाम नेमका डिसेंबरात सुरू झालेला असतो.

मागवताना केकचा आकार नंबराने सांगतात. ४ नंबर म्हणजे १२ सेंटीमीटर, दोघातिघांपुरता. ५ नंबर म्हणजे १५ सेंटीमीटर, चारपाच जणांचा. चांगल्या दुकानातल्या ५ नंबरला साधारण ४ ते ५ हजार येन पडतात, कोनबिनीत थोडं कमी. घ्यायला गेलात की काउंटरवरची मुलगी विचारते, घरी पोचायला किती वेळ लागेल? तुम्ही सांगाल त्या वेळेच्या हिशेबाने ती बर्फाच्या पुड्या खोक्यात ठेवते, मग आतला केक तुम्हाला दाखवते, सगळं बरोबर आहे ना विचारते, आणि तेव्हा कुठे झाकण बंद करते. गर्दी कितीही असो, यातली एकही पायरी ती गाळत नाही. मला हे बघायला फार आवडायचं.

२५ च्या संध्याकाळी उरलेल्या केकवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात. पैसे वाचवायचे असतील तर केक २५ ला रात्री कापा. प्लम केक क्वचित दिसतो, तो घरूनच मागवा.

मित्रांचा व्हिसा कसा करायचा? मला काही कागद द्यावे लागतात का?

ते स्वतःच्या खर्चाने फिरायला येत असतील तर साधा पर्यटक व्हिसा पुरतो. भारतात अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांतून जातो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. बँकेची विवरणपत्रं, आयकराचे कागद आणि रोजचा कार्यक्रम ही नेहमीची यादी. 'मित्राला भेटायला' या कारणाने अर्ज केला तर तुमचं निमंत्रणपत्र, ओळखीचा पुरावा आणि तुमच्या रेसिडेन्स कार्डाची प्रत असे कागद वाढतात. म्हणून बहुतेक विद्यार्थी मित्रांना पर्यटक म्हणूनच बोलावतात, आणि ते चुकीचं नाही. फक्त अर्जात लिहिलेला कार्यक्रम आणि प्रत्यक्ष मुक्काम यांचा मेळ असू द्या. ऑक्टोबरातच कामाला लागा.

ते माझ्या होस्टेलवर राहू शकतील का?

बहुतेक विद्यापीठांच्या वसतिगृहांत पाहुण्याला रात्री ठेवता येत नाही. कुठे कुठे दिवसाही खालच्या सामायिक खोलीपर्यंतच येता येतं. 'एक रात्र कोण बघतंय' असा विचार करू नका. तुमची खोली आणि शिष्यवृत्ती पणाला लागते, शिवाय तुमच्यानंतर येणाऱ्या भारतीय मुलांकडे संशयाने पाहिलं जातं. जवळच्या बिझनेस हॉटेलात किंवा होस्टेलात त्यांची सोय करा. खोल्या लहान असतात, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही, पण स्वच्छ असतात. नाताळ शनिवार-रविवारला जोडून आला तर भाडं बरंच चढतं.

फुकुओकाला भारतातून थेट विमान नाही. मग यायचं कसं?

सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग किंवा तोक्योत विमान बदलून. पोचल्यावर मात्र मजा आहे. इतक्या मोठ्या शहराचा विमानतळ इतका जवळ फार कमी ठिकाणी असतो. मेट्रोने हाकाता, म्हणजे फुकुओकाचं मुख्य रेल्वे स्टेशन, दुसऱ्याच थांब्यावर, पाच मिनिटांत. मेट्रो डोमेस्टिक टर्मिनलखाली आहे, इंटरनॅशनलवरून तिथपर्यंत फुकट बस असते. एवढं मित्रांना आधी सांगून ठेवा, म्हणजे तास बुडवून त्यांना घ्यायला जावं लागणार नाही. निघण्यापूर्वी 'व्हिजिट जपान वेब'वर माहिती भरली की कस्टमचं काम क्यूआर कोडवर होतं.

जेआर पास आम्ही सगळ्यांनीच घ्यायचा का?

तुम्हाला तो मिळणारच नाही. जपानच्या जेआर रेल्वेचा हा पास फक्त अल्पकाळासाठी आलेल्या पर्यटकांना मिळतो. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला तो वापरता येत नाही, जेआर क्यूशूचा पासही नाही. त्यामुळे गटाने फिरताना तुमचा खर्च वेगळा मोजावा लागतो, आणि हे आधीच बोलून घेतलेलं बरं. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभराचा सात दिवसांचा पास २९,६५० येनांवरून ५०,००० वर गेला. मित्र फक्त क्यूशूत फिरणार असतील तर तो घेण्यात अर्थ नाही, उत्तर क्यूशूचा पास पुरतो.

सगळ्यांना चालणारा एक पर्याय म्हणजे 'सेइशुन १८' तिकीट. नावात १८ असलं तरी वयाची अट नाही. हिवाळ्याच्या सुट्टीतही ते निघतं. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग ३ किंवा ५ दिवसांचं झालं असून किंमत अनुक्रमे १०,००० आणि १२,०५० येन आहे. ते लोकल गाड्यांनाच चालतं, शिंकान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, नाही. वेळ जातो, पण खिडकीतून समुद्र, संत्र्यांच्या बागा, शाळेतून परतणारी मुलं असं सगळं दिसतं. गप्पा मारायला जमलेल्या मित्रांना आणखी काय हवं?

भारतातून काय आणायला सांगू? काय आणू नये?

करंज्या, कुलकुल, चकल्या, फ्रूट केक, मसाले, चहा हे बिनधास्त. मांसाचा कोणताही पदार्थ नको. गोव्याचं चोरीस, मटणाचं लोणचं, सुकवलेलं मांस, हवाबंद डब्यातलं असलं तरी नाही. जपानचे नियम याबाबत कडक आहेत आणि विमानतळावर कुत्रे सामान हुंगत फिरतात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता हेही घरीच राहू दे. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्या भारतात सहज मिळतात पण जपानमध्ये चालत नाहीत, त्यामुळे रोज औषध घेणाऱ्याने नियम बघून, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवूनच आणावं.

आणि एक चांदणी मागवा, घडी होणारी कागदी. माझ्या खोलीच्या खिडकीत ती लावली तेव्हा शेजारच्या जपानी मुलींनी दार वाजवून विचारलं, ही काय आहे? नाताळची खरी सुरुवात तिथून झाली.

गटात शाकाहारी आहेत. त्यांची उपासमार होईल का?

लक्ष दिलं नाही तर होईल. फुकुओकाचं प्रसिद्ध रामेन डुकराच्या हाडांच्या रश्शात असतं. ज्यात मांस दिसत नाही अशा उकडलेल्या भाजीतही बहुधा 'दाशी', म्हणजे माशाचं सार, असतं. जपानमध्ये 'मांस नको' म्हटलं की समोरच्याला मासे चालतील असं वाटतं, म्हणून मांस, मासे, दाशी, तिन्हींची नावं घेऊन सांगा. चिठ्ठी जपानीत लिहून त्यांच्या फोनवर देऊन ठेवा.

नेपाळी आणि भारतीय मंडळींची करी-नानची दुकानं आता जवळपास प्रत्येक स्टेशनजवळ सापडतात. तोफू, रताळी, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) भरलेली ओनिगिरी (भाताचे गोळे), फळं, दही यांवर एक दिवस निघतो. एकदा शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण, सगळ्यांनी मिळून जेवा. मांसाहारी मित्रही खूश होतात. यावर मात्र रात्री सामायिक स्वयंपाकघरात केलेल्या वरणभाताइतकं चांगलं उत्तर नाही. तूरडाळ हलाल किंवा भारतीय किराणा दुकानात मिळते.

रोषणाई आणि ख्रिसमस मार्केट कुठे बघावं?

फुकुओकात हाकाता स्टेशनसमोर आणि तेन्जिनमध्ये, म्हणजे चालत किंवा दोनचार मेट्रो थांब्यांत दोन्ही. लाकडी टपऱ्या, जर्मन सॉसेज, गरम मसालेदार वाइन. दारू न पिणाऱ्यांसाठी गरम चॉकलेट असतं. पेयासोबत मिळणारा मग घरी नेता येतो, त्या वर्षाची आठवण म्हणून तो ठेवण्यासारखा असतो. २५ ला हे संपतं. २६ ला टपऱ्या उतरवताना दिसतील.

सासेबोजवळचं हुइस टेन बॉश हे डच धाटणीचं उद्यान रोषणाईसाठी नावाजलेलं आहे. हाकाताहून तिथे थेट गाडी जाते. कोबेची 'लुमिनारिए' मात्र डिसेंबरात शोधू नका. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ ती त्याच वर्षी सुरू झाली, अनेक वर्षं डिसेंबरात व्हायची, पण २०२४ पासून जानेवारीत होते. मित्र जुने लेख वाचून हट्ट धरतात.

मध्यरात्रीची मिस्सा कुठे मिळेल? ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना नेता येईल का?

फुकुओकात तेन्जिनजवळ दाइम्योमाची कॅथेड्रल आहे. जपानच्या मोठ्या शहरांत इंग्रजी मिस्साही असते आणि तिथे फिलिपिनो, व्हिएतनामी कुटुंबं मोठ्या संख्येने येतात. २४ ची मिस्सा बऱ्याच चर्चमध्ये मध्यरात्री नसून संध्याकाळी किंवा रात्री लवकर असते, म्हणजे लोकांना शेवटची गाडी मिळते. वेळ त्या वर्षीची बघूनच जा.

मित्रांना नक्की न्या. माझ्याबरोबर आलेल्या हिंदू मैत्रिणींना आधी धाकधूक होती, आपण काही चुकीचं केलं तर? दारातल्या आजींनी हसून प्रत्येकीच्या हातात प्रार्थनेची पुस्तिका दिली, पान उघडून दिलं आणि मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. एवढंच. कम्युनियनच्या, म्हणजे प्रसाद घेण्याच्या, वेळी ख्रिस्ती नसलेल्यांनी पुढे येऊन डोकं लववलं तर फादर आशीर्वाद देतात, जागेवर बसून राहिलं तरी चालतं. शांतीची देवाणघेवाण हस्तांदोलनाने होत नाही. लोक एकमेकांकडे वळून हात जोडतात आणि वाकतात. आपल्या नमस्काराच्या इतकं जवळचं ते होतं की माझ्या मैत्रिणींनी काही न सांगता बरोबर केलं. गीतांचे शब्द जपानी होते, चाली मात्र लहानपणापासूनच्या. मी मराठीत गुणगुणत होते आणि शेजारची बाई तिच्या भाषेत.

फुकुओकाहून नागासाकीला जावं का? एका दिवसात होतं का?

जावंच. वेळ कमी असेल तर बाकी काहीही वगळा, हे नको. सप्टेंबर २०२२ मध्ये पश्चिम क्यूशू शिंकान्सेन सुरू झाल्यापासून हाकाताहून साधारण दीड तास लागतो. ताकेओ-ओनसेनला समोरच्याच फलाटावर गाडी बदलायची. बसने अडीच तास, पण स्वस्त. २४ ची संध्याकाळ तिथे काढणार असाल तर मुक्कामच करा.

नागासाकी स्टेशनपासून पाच मिनिटांवर निशिझाका टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने इथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर मारलं. २० जपानी होते, ६ परदेशी. त्या सहांतले एक गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेले, वडील पोर्तुगीज आणि आई तिथलीच. तरुणपणी ते जेझुइट धर्मगुरूंसोबत जपानला आले, भाषा उत्तम शिकले, पुढे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या धर्मसंघात गेले आणि १५९३ मध्ये दुभाषे म्हणून जपानला परतले. सव्विसांना क्योतोहून नागासाकीपर्यंत ऐन हिवाळ्यात चालवत आणलं होतं. त्यांत बारा, तेरा, चौदा वर्षांची मुलंही होती. १८६२ मध्ये या सगळ्यांना संत घोषित केलं गेलं. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच.

वसईत गास गावचं चर्च त्यांच्या नावाचं आहे, कॉलेजही आहे. ज्यांच्या नावाच्या कॉलेजसमोरून माझी बस रोज गेली, ते निशिझाकाच्या कांस्यशिल्पात ओळीत उभे आहेत, पाय जमिनीपासून सुटलेले, हात जोडलेले. हे शिल्प १९६२ मध्ये, संतपदाला शंभर वर्षं झाल्यावर उभारलं, शिल्पकार फुनाकोशी यासुताके. परदेशात सणाला एकटं वाटणाऱ्या प्रत्येक मराठी ख्रिस्ती मुलामुलीने त्या भिंतीसमोर एकदा उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या मातीतला माणूस सव्वाचारशे वर्षांपूर्वी इथे होता, इथली भाषा बोलत होता.

तिथून ट्रामने उराकामी. मूळ कॅथेड्रल ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने उद्ध्वस्त झालं. स्फोट जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर झाला होता. त्याच वर्षी, २४ डिसेंबरला, वाचलेल्या लोकांनी ढिगाऱ्यातून काढलेली घंटा टांगून वाजवली. चारच महिने झाले होते, घरं नव्हती, माणसं नव्हती, आणि नाताळची घंटा झाली. आजची इमारत १९५९ ची, पण ती घंटा तिच्याच एका मनोऱ्यात आहे. दुसऱ्या मनोऱ्याची घंटा बाँबमध्ये फुटली होती. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ ला दोन्ही घंटा पुन्हा एकत्र वाजल्या.

ओउरा चर्चही बघा. ख्रिस्ती धर्मावरच्या १६१४ च्या बंदीनंतर अडीचशे वर्षं लपून प्रार्थना करणाऱ्या गावकऱ्यांनी १७ मार्च १८६५ रोजी इथेच फ्रेंच फादरांना येऊन सांगितलं, तुमचा आमचा विश्वास एकच आहे. बंदी उठली ती १८७३ मध्ये. मित्र फार गंभीर झाले तर संध्याकाळी इनासा डोंगरावरून दिवे बघा आणि कास्तेला केक खा.

गोव्याचाही जपानशी काही संबंध आहे ना?

मोठा. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघूनच १५ ऑगस्ट १५४९ ला कागोशिमाला उतरले. सोबत आंजिरो नावाचा जपानी माणूस होता, त्याचा बाप्तिस्मा गोव्यात झाला होता. झेवियरांनी यामागुचीत सुरू केलेल्या कामाला त्यांचे सोबती कोस्मे दे तोर्रेस यांनी पुढे नेलं. जपानमधला पहिला नाताळ १५५२ मध्ये यामागुचीतच साजरा झाला असं मानतात. ते शहर दर डिसेंबरात त्याचा उत्सव करतं. हाकाताहून शिन-यामागुचीला शिंकान्सेन थेट जाते. जुन्या गोव्यात बाँ जेझूच्या बासिलिकेत झेवियरांचं शव पाहिलेल्या मित्राला हे सांगून बघा, तो स्वतःहून तिकीट काढेल.

बर्फ पडेल का? कपडे किती आणायचे?

फुकुओकात डिसेंबरात बर्फ क्वचितच. दिवसा १२-१३ अंश, रात्री ५ च्या आसपास, आणि समुद्रावरून वारा. खरी थंडी घरात वाजते, कारण जपानी घरांत सगळीकडे ऊब नसते, एका खोलीत हीटर आणि बाथरूममध्ये गारठा. आतले पातळ गरम कपडे तिथेच स्वस्त मिळतात, मुंबईतून जाड स्वेटर ओढत आणायला नको. पांढराशुभ्र नाताळ हवाच असेल तर साप्पोरो गाठा. ओदोरी उद्यानात १९८१ पासून रोषणाई होते.

खोलीवर किंवा सामायिक स्वयंपाकघरात पार्टी करता येते का?

आधी परवानगी घ्या. रात्री दहानंतर आवाज नको. भिंती पातळ असतात. शेजाऱ्यांना एक दिवस आधी सांगून चारदोन करंज्या दिल्यात तर तेच येऊन बसतात. सजावट शंभर येनच्या दुकानातून होते.

कचऱ्याचं मात्र मनावर घ्या. जळणारा, प्लास्टिकच्या बाटल्या, काच, सगळं वेगळं, ठरलेल्या पिशवीत. फुकुओका शहरात कचरा रात्री उचलतात, म्हणून तो सूर्यास्तानंतर बाहेर ठेवायचा. वर्षअखेरीस गाडी काही दिवस येत नाही, तेव्हा शेवटची तारीख बघून ठेवा, नाहीतर केकचे खोके जानेवारीपर्यंत सांभाळावे लागतील.

अर्धवेळ काम करते. त्या आठवड्यात सुट्टी मिळेल?

हॉटेल, बेकरी, कोनबिनी यांत नाही म्हणूनच समजा. २४-२५ हे त्यांचे सर्वात घाईचे दिवस. पाळ्या ठरण्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरात सांगा. आठवड्याला २८ तासांची मर्यादा विद्यापीठाच्या अधिकृत सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत वाढते, पण सुट्टी सुरू झाल्याच्या तारखेपासूनच.

घरी फोन कधी करावा?

जपान साडेतीन तास पुढे. गावी रात्री बाराची मिस्सा सुरू होते तेव्हा तिथे साडेतीन वाजलेले असतात. २५ ला तिथल्या दुपारी बाराला लावा. घरी साडेआठ, नाश्ता चालू, सगळे एकत्र सापडतात.

मित्र ३ जानेवारीपर्यंत राहणार आहेत. २५ नंतर काय?

२५ च्या रात्रीतून शहर कात टाकतं. सांता उतरतो, दारांवर बांबू-पाइनची सजावट चढते. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी सरकारी कचेऱ्या बंद, १ तारखेला बरीच दुकानं आणि संग्रहालयंही. काही एटीएम चालत नाहीत, रोख काढून ठेवा. ३१ च्या रात्री बौद्ध मंदिरांत १०८ टोले पडतात, काही मंदिरांत रांगेत उभं राहून आपल्यालाही एक देता येतो. नंतर मध्यरात्री शिंतो देवळात वर्षाचं पहिलं दर्शन. शहराचा नाताळ पाहून हळहळलेल्याने हे आवर्जून बघावं. ज्या सणाला जपानी माणूस घरी परततो तो हा.

आणि मित्रांचं येणं रद्द झालं तर?

असं होतं. व्हिसा उशिरा येतो, रजा नाकारली जाते, तिकीट परवडत नाही. तेव्हा खोलीत बसून राहू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडे परदेशी विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावणाऱ्या स्थानिक कुटुंबांची नावं असू शकतात, विचारल्याशिवाय ती कळत नाहीत. चर्चमध्ये मिस्सेनंतर बहुधा चहा-फराळ असतो, तिथे थांबा, खुर्च्या मांडायला हात लावा. फिलिपिनो मंडळी तर कुणाला एकटं जेवू देत नाहीत. गायनवृंदाचा सराव डिसेंबरच्या सुरुवातीपासून चालू असतो. जपानी वाचता येत नसलं तरी गीतांच्या पुस्तिकेत हिरागाना, म्हणजे जपानीची सोपी लिपी, असतो, तेवढा शिकलेला असलात की पुरे. पहिल्याच रविवारी जाऊन फादरांना भेटा आणि २४ ला कधी यायचं ते विचारून या.